कणकण

मिरकरवाड्यात कुणाचं पोर रात्री किरकिरायला लागलं
की बर्फाच्या कारखान्याच्या दारात हाक येते,
"याकूबभाय, जरा हात लावा ओ."
घरात थर्मामीटर असतो. तरी येतात.
सत्तावीस वर्षं खाऱ्या टाकीतून डबे उपसून
माझा तळवा असा झालाय
की कपाळावर टेकला
तर पारा हलायच्या आधी मला कळतं.
"ताप नाही," मी म्हणतो. "नुसती कणकण."

तहसीन पुण्याहून आली होती, बहिणीची थोरली,
जी नेमकं काय शिकते
ते आमच्यात कुणालाच सांगता येत नाही.
लॉरीत लाद्या चढत होत्या.
ती भुशाच्या पोत्यावर बसली नि म्हणाली,
मामू, वर एक दुर्बीण सोडलीय,
चंद्राच्याही पलीकडे, पंधरा लाख किलोमीटरवर,
आणि तिचं अर्धं काम म्हणजे
गार राहणं.

गार?
मी क्रशर बंद केला.

हो. उन्हाकडे पाठ. मध्ये पाच पदरी पडदा,
एकेक पदर केसाहून पातळ.
उन्हाच्या अंगाला हात भाजेल,
सावलीच्या अंगाला हवा असती तर तीही गोठली असती.
कारण तिला बघायचाय तो उजेड
निघाला तेव्हा उजेड होता,
वाटेत ताणत ताणत आता
नुसती ऊब उरलीय त्याची.
आणि जो स्वतःच तापलेला
त्याला दुसऱ्याची ऊब कशी लागणार?

मी हात लुंगीला पुसले.
काही बोललो नाही.

मग मोबाइलवर एक ठिपका दाखवला,
शिळ्या बांगड्याच्या डोळ्यासारखा तांबूस.
तेरा अब्ज वर्षांमागचा, म्हणाली,
आणि इतक्या लवकर इतका तेजस्वी
असायलाच नको होता तो.
आमचं गणित चुकलंय कुठंतरी.
असं म्हणून हसली पोर!
माझ्या वहीत दोन लाद्या चुकल्या
तर शेठ पगारातून कापतो.

तेव्हा मला आजा आठवला,
वल्हं पाण्यात उभं धरायचा, वरचं टोक कानाला,
नि म्हणायचा, गप, ढोमा बोलतोय.
कधी बोलायचा, कधी नाही.
जाळं रिकामं आलं तर तेच झटकत म्हणायचा,
इथं नाही, एवढं तरी कळलं.
आता सोलकरांच्या होडीवर हिरवा पडदा आहे,
चाळीस वावांवरचा मासा ठिपक्यांत दिसतो.
वल्हं मात्र अजून आहे होडीत.
का ठेवलंय, विचारलं तर सोलकर म्हणतो,
असू दे.

रात्री दोनला लाइट गेली.
कंप्रेसर थांबला की कारखाना कसा होतो
हे ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत,
भिंतीतून थेंबाचा आवाज यायला लागतो.
मी जेटीवर आलो. भगवती किल्ल्याचा दीप फिरत होता,
त्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये
आभाळ जरा जवळ यायचं.
कुणी बघत नाही असं बघून
मी तळवा वर धरला, उघडा,
आजारी पोराच्या कपाळापुढं धरतो तसा.

काही नाही.
खारा वारा, सुकटीचा वास,
बोटांच्या पेरांत जुनी कळ.
तरी धरून ठेवला थोडा वेळ.
इथं नाही, एवढं तरी कळलं.

सकाळी एस.टी. स्टँडवर
ती खिडकीशी बसली, डोळे लाल,
रात्रभर त्या ठिपक्याची आकडेमोड केली असणार.
सवयीनं खिडकीतून हात आत घालून
तिच्या कपाळावर ठेवला.

"काय मामू, ताप?"

कंडक्टरनं घंटी दिली.
मी हात उचलला नाही लगेच.
अजून बघत होतो.